परस्परांच्या मेंदूंचे वारसदार

आपल्या मृत्यूनंतर मित्रांनीं आपलें मस्तक उघडावें, मेंदू तोलावा आणि जें आढळेल तें निःसंकोच प्रसिद्ध करावें, असा करार कांहीं सुशिक्षित गृहस्थांनीं आपापसांत केला होता, हें ऐकून आमच्या वाचकांच्या अंगावर शहारे येतील. परंतु गोष्ट खरी आहे. १८७६ सालीं पॅरिस येथें 'परस्पर शवविच्छेदन मंडळ' स्थापन झालें. त्याचे प्रवर्तक तेथील मानवशास्त्र परिषदेचे सभासद होते. धर्मसंस्कारांवर त्यांचा विश्वास नव्हता. मरणोत्तर देह शास्त्राच्या कामीं यावा, एवढीच त्यांची इच्छा.

त्यांचें म्हणणें विचार करण्याजोगें होतें. रुग्णालयांत शवें मिळत तीं गोरगरिबांचीं. मेंदू हातीं येई, पण तो मनुष्य कसा होता हें कोणास ठाऊक? तेव्हां ज्याची बुद्धि व स्वभाव मित्रांस परिचित आहेत, त्यानेंच आपला मेंदू द्यावा. १८७८ सालीं लुई आस्लीन निवर्तला आणि त्याच्या स्नेह्यांनीं हा करार प्रथम पाळला. काल ज्याच्याशीं वाद घातला, त्याचाच मेंदू आज हातांत घेणें ह्यास काय धैर्य लागलें असेल!

खेदाची गोष्ट ही कीं, ह्या विद्वानांची श्रद्धा तराजूवर फार. त्यांच्या परिषदेचा संस्थापक पॉल ब्रोका ह्यानें पुरुषांच्या मेंदूचें सरासरी वजन १३२५ ग्रॅम व स्त्रियांचें ११४४ ग्रॅम भरल्याचें सांगितलें होतें. स्त्रियांची शरीरयष्टि लहान हें कारण त्यास दिसत होतें. तरीहि कांहीं अंशीं हें बुद्धीच्या उणेपणाचें लक्षण, असा निर्वाळा त्यानें दिलाच! पुढें १८८२ च्या अखेरच्या दिवशीं फ्रान्सचा विख्यात वक्ता व मुत्सद्दी गांबेत्ता वारला. त्याचा मेंदू तोलला तों सुमारे ११६० ग्रॅम, म्हणजे ब्रोकाच्या 'सरासरी स्त्री'हून जेमतेम १६ ग्रॅम अधिक. मग धांवपळ झाली. दुरुस्ती करून आंकडा थोडा वाढविण्यांत आला, आणि वाणीचें केंद्र मात्र उत्तम वाढलेलें आहे, असें समाधान शोधण्यांत आलें. तराजू चुकला असें म्हणणें जड जात होतें, दुसरें काय?

वाणीचें हें केंद्र ज्याच्या मेंदूवरून ब्रोकानें ओळखलें, तो लबोर्न्य कोणी नामांकित पुरुष नव्हता. तो रुग्णालयांतच वर्षानुवर्षें पडून असलेला रोगी. कांहींहि विचारलें तरी 'तां' एवढाच उच्चार तो करी. दुसऱ्याचें बोलणें मात्र त्यास बरेंच समजे. १८६१ च्या एप्रिलांत तो वारला व दुसऱ्याच दिवशीं ब्रोकानें त्याचा मेंदू परिषदेपुढें मांडला. डाव्या कपाळामागचा भाग नासलेला दिसला. ब्रोकानें तो मेंदू चिरला नाहीं, अखंड जतन केला, ह्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. २००७ सालीं चुंबकीय यंत्रानें त्याचीं चित्रें घेतलीं, तेव्हां इजा ब्रोकास दिसली त्याहून पुष्कळ खोल गेलेली आढळली. तो मेंदू पॅरिसमध्यें अद्याप जपून ठेवलेला आहे.