गोंधळ, कल्लोळ आणि ‘बेडलॅम’ : इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याची एक वाट



इंग्रजी शब्दांची यादी वहीत उतरवून रोज दहा शब्द पाठ करण्याचा उपक्रम आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. परीक्षा संपली की ती यादी विस्मरणात जाते, कारण त्या शब्दांना स्मरणात टेकण्यासाठी आधारच नसतो. मराठीच्या अभ्यासकाजवळ मात्र असा आधार असतो. तो म्हणजे आपल्याच शब्दांच्या अर्थांचा प्रवास. तुळजापूरच्या परिसरात नित्य कानी पडणारे दोन शब्द घेऊन हे पाहू.

‘गोंधळ’ हा मूळचा कुलाचार. लग्नकार्यानंतर कुलदेवतेच्या नावाने तो घातला जातो. पेटत्या दिवटीसमोर, संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने गोंधळी ठिकठिकाणच्या देवतांना नाव घेऊन आवाहन करतात आणि मग आख्यान लावतात. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, अशा त्यांच्या दोन परंपरा आहेत. याच शब्दाला पुढे गडबड, अव्यवस्था हा अर्थ येऊन मिळाला. आज वर्गात गोंधळ होतो, हिशेबात गोंधळ होतो. त्या वेळी संबळ कोणाला आठवत नाही.

आता इंग्रजीतील ‘बेडलॅम’ हा शब्द पाहा. लंडनमध्ये 1247 साली बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक धार्मिक संस्था स्थापन झाली. पुढे तेथे मनोरुग्णांचे रुग्णालय झाले. लोकांच्या तोंडी ‘बेथलेहेम’चे ‘बेडलॅम’ झाले आणि कालांतराने त्याचा अर्थ झाला बेबंद गोंगाट. एक शब्द देवीच्या उपासनेतून आला, दुसरा धर्मसंस्थेच्या नावातून, आणि दोघेही गोंगाटापाशी पोहोचले. हे साम्य एकदा ध्यानात आले की ‘बेडलॅम’ पाठ करावा लागत नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत गेलेला ‘जगरनॉट’ही असाच. वाटेत येईल ते चिरडत जाणारी अनावर शक्ती, हा त्याचा तेथील अर्थ.

दुसरा शब्द ‘कल्लोळ’. संस्कृतात ‘कल्लोल’ म्हणजे मोठी लाट. तुळजाभवानी मंदिराच्या आवारातील कल्लोळ तीर्थात अनेक तीर्थांचे पाणी धावून आले, अशी श्रद्धा आहे. ‘एकच कल्लोळ उडाला’ असे म्हणताना पाण्याची लाट आवाजाची झालेली असते. इंग्रजी ‘अपरोर’ची कथाही ऐकण्याजोगी आहे. तो मूळ डच भाषेतला, आणि तेथे त्याचा अर्थ बंड, उठाव. गर्जना या अर्थाच्या ‘रोअर’शी त्याचे नाते नाही; ध्वनिसाम्यामुळे ते मागाहून जोडले गेले.

येथे एक सावधगिरी हवी. हे शब्द परस्परांच्या जागी सरसकट बसत नाहीत. आठवडी बाजारात अनेकांच्या बोलण्याचा जो मिश्र आवाज उठतो तो ‘हबब’. सभेत संतापाने उसळतो तो ‘अपरोर’. कोणीच कोणाचे ऐकेनासे झाले की ‘बेडलॅम’. मिल्टनने 1667 च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात नरकाच्या राजधानीसाठी घडवलेला ‘पँडेमोनियम’ त्याहूनही तीव्र. आणि देवीचा गोंधळ? त्याला यांपैकी एकही शब्द चालणार नाही. इंग्रजीत लिहितानाही तो ‘गोंधळ’च ठेवावा आणि पुढे एका वाक्यात विधीचे वर्णन करावे. ज्याने ‘बेडलॅम’ केवळ ‘गोंधळ’ असा अर्थ लिहून पाठ केला, तो नेमका येथे फसतो.

या अभ्यासाचे उत्तम साधन म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. तो 1831 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. मराठी शब्द समजावण्यासाठी मोल्सवर्थ इंग्रजी पर्याय एकापुढे एक मांडत जातो. इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकता यावी म्हणून तयार झालेला हा कोश आपण उलट्या दिशेने वापरावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो. त्यातील काही इंग्रजी शब्द आज जुने झाले आहेत. म्हणून वापरण्यापूर्वी प्रत्येक शब्द आधुनिक कोशात तपासून घ्यावा.

कृती : ‘जोगवा’, ‘छबिना’ आणि ‘परडी’ हे शब्द मोल्सवर्थमध्ये शोधा. प्रत्येकाखाली आढळलेला एक अपरिचित इंग्रजी शब्द निवडा, त्याची व्युत्पत्ती पाहा आणि मूळ मराठी शब्दाच्या अर्थातील कोणती छटा त्यात उतरत नाही, ते दोन वाक्यांत लिहा.