अंगणाला पाणी पिऊ द्या



चिखल नको म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या पुण्यातल्या सोसायटीचं सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं झाकून घेतलं. कडुनिंबाच्या बुंध्यालाही सिमेंट भिडलं. झाडलोट सोपी झाली खरी; पण दुपारी तिथं पाय ठेववेना. पावसाचं पाणी थेट फाटकाबाहेर धावू लागलं. पुढच्या उन्हाळ्यात बोअरवेल आटली, टँकरसाठी वर्गणी काढावी लागली आणि कडुनिंबाच्या फांद्या वाळू लागल्या. सगळा दोष ब्लॉकचा नसेल, पण दारात पडलेलं पाणी आम्हीच घालवत होतो.

मग आम्ही हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस होतो. आमचं अंगण १०० चौरस मीटर. म्हणजे ७०,००० लिटर. दहा हजारी सात टँकर! त्यातलं निम्मं मुरलं तरी थोडं का?

गाड्यांची जागा आणि आजी-आजोबांची पायवाट तशीच ठेवली. बाकीचे ब्लॉक काढले. कडुनिंबाभोवती मीटरभर जागा हातानंच मोकळी केली, म्हणजे मुळं दुखावली नाहीत. वाफे पायवाटेपेक्षा चार बोटं खोल ठेवले, त्यामुळे पाणी आपसूक त्यांत उतरतं. सखल कोपऱ्यात, इमारतीचा पाया आणि पाण्याची टाकी यांपासून दूर, विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरून शोषखड्डा केला.

लॉन मात्र लावलं नाही; त्याला उन्हाळ्यात फार पाणी लागतं. सावलीत अडुळसा, उन्हात जास्वंद आणि पारिजातक, पाणी साचतं तिथं कर्दळ लावली. पडलेला पाला जाळायचा नाही, वाफ्यांवरच पसरायचा. माती ओली राहते आणि पुढे त्याचंच खत होतं.

"डास होतील," अशी काकूंना धास्ती होती. पण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. पाणी दोन दिवसांत मुरलं पाहिजे; मुरत नसेल तर खड्ड्यातला गाळ काढायचा.

यंदा चैत्रात कडुनिंबाला पालवी आली. वाळलेल्या फांद्या मात्र गेल्याच. म्हणून सांगतो मैत्रिणींनो, पहिल्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा. पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघा. मग पहार हातात घ्या.