उपचारानंतर रिपोर्ट बदलला तर

मिरज-कराडला कर्करोगाचे उपचार होतात, तरी दुसरं मत घ्यायला सातारा-सांगलीकडची माणसं मुंबईचं टाटा रुग्णालय गाठतात. पिशवीत फाइलबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक असतात. ते पुन्हा तपासले जातात आणि कधी कधी निदान बदलतं.

ऑपरेशननंतरही बदलतं. सुईच्या बायोप्सीत स्तनातल्या गाठीचे दोऱ्याएवढे तुकडे मिळतात. नंतर अख्खी गाठ तपासता येते. ‘हर-टू’ या प्रथिनाच्या चाचणीत २+ आलं तर ना धड होकार, ना नकार. बहुधा ‘फिश’ तपासणीनंतरच ते ठरतं. आजार उलटला तर गाठीचे रिसेप्टरही (‘हर-टू’सारखी प्रथिनं) बदललेले असू शकतात, म्हणून पुन्हा बायोप्सी घेतात. दर वेळी कुणाची चूकच असते असं नाही.

हे पटलं तरी मन लगेच सावरत नाही. केमो संपली, केस उगवू लागले, हळदीकुंकवाला जाणं सुरू झालं आणि पुन्हा नवा कागद! राग येतो, झोप उडते. ‘आधीचे उपचार वाया गेले का?’ हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा. प्रश्न वहीत लिहून न्यावेत, सोबतच्याने उत्तरं टिपावीत. घरच्यांनी रिपोर्ट लपवू नये. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला म्हणजे, माझ्या मते, रडणाऱ्याला गप्प करणंच. रडू द्यावं.

दोन आठवडे उलटूनही झोप-भूक परतली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जीव नकोसा वाटला तर तेवढंही थांबू नये. ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.