पिल्लू पहिल्या रात्री का रडते?

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. हिवाळ्यात अशा गावातून फेरफटका मारला, तर कडब्याच्या गंजीआड कुत्रीची पिल्ले हमखास दिसतात. त्यांतले एखादे मुले उचलून घरी आणतात. दिवस खेळण्यात जातो. रात्री मात्र ते कुईकुई करू लागते आणि थांबता थांबत नाही. मग घरातले कोणीतरी वैतागून म्हणते, "सकाळी आधी हे सोडून या!"

पिल्लू हट्टी नसते. कालपर्यंत ते भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होते. लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे उष्णता लवकर निघून जाते. चार-पाच जण एकमेकांना बिलगून झोपले की प्रत्येकाचा उघडा भाग कमी होतो. ती ऊब गेली आणि आईचा वासही गेला. म्हणून पहिले काही दिवस त्याचे खोके तुमच्या अंथरुणाजवळच ठेवा. त्यात गोणपाट घाला. ते आदल्या दिवशी आईच्या जागेवर पसरून आणलेले असेल तर फारच छान. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. मारून रडणे थांबत नाही, भीती तेवढी वाढते.

पिल्लू आणायचे केव्हा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, कान त्यानंतर. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला पुढे आपले वाटते. याच काळात भावंडांशी झटापट करताना किती जोरात चावायचे नाही, हेही ते शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. नंतर त्याला माणसे, गुरे, ट्रॅक्टरचा आवाज, सारे हळूहळू ओळखीचे करून द्यावे.

इथे एक पेच आहे. याच वयात पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लांचा बळी घेतात, आणि पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये रोगापासून काही आठवडे रक्षण करतात, पण लशीलाही तीच निष्प्रभ करतात! ती केव्हा ओसरतील ते पिल्लागणिक निराळे. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. तोवर पिल्लाला जग दाखवायचे ते कडेवर घेऊन. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. गुरांच्या दवाखान्यात चौकशी करा. कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

खाण्याचे फार अवघड नाही. कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात, असे २०१३ मध्ये दिसून आले. तेव्हा ज्वारीची भाकरी चालते, पण जोडीला अंडे किंवा मांस हवे. कांदा मात्र नको, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

सोनाळ्याजवळच अंबाबरवा अभयारण्य आहे. रानालगतच्या गावात पिल्लू रात्री अंगणात बांधणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. उलट कुत्र्याचा रोगही रानात जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतील काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला.

एक छोटी वही करा. दर रविवारी पिल्लाचे वजन आणि लशीच्या तारखा लिहा. पहिल्या पानावर मात्र रोज रात्री ते किती वेळ रडले, ते नोंदवा.