माशी, खाच आणि चाळिशी

अमेरिकेत ठासणीच्या रायफलीला विसाव्या शतकात दुसरं आयुष्य मिळालं, आणि ते देणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. १९३१ साली ओहायोतल्या पोर्ट्समथला काही हौशी नेमबाज जुन्या रायफली घेऊन जमले. त्यातून १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन उभी राहिली. इंडियानातल्या फ्रेंडशिप या खेड्याजवळचं तिचं मैदान आजही या हौशीची पंढरी मानलं जातं. १९५४ मध्ये टर्नर कर्कलंडनं टेनेसीत डिक्सी गन वर्क्स काढलं, १९७० मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीची ‘हॉकन’ बाजारात आली, १९७२ मध्ये ‘जेरेमाया जॉन्सन’ हा जुन्या काळातल्या शिकाऱ्यावरचा चित्रपट झळकला आणि १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनं सगळ्या देशालाच जुन्या काळाचं वेड लावलं. त्या वेळी पंचविशीत पहिली रायफल घेणारा आज पंचाहत्तरीत आहे. दारू कुठून आणायची, गारगोटी कशी तासायची, शिशाच्या गोळ्या घरी कशा ओतायच्या, हे सगळं ही पिढी शिकली. पुढे नळीच्या टोकाची माशी धूसर झाली, आणि त्यावर घरगुती इलाज सापडेना.

उघड्या साईटवर नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं निशाण. विशीतल्या डोळ्यालाही या तिन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. तो एकीवरून दुसरीवर इतक्या चपळाईनं जातो की तसा भास होतो, एवढंच. ही चपळाई डोळ्यातल्या भिंगाची, हे थॉमस यंगनं १८०१ मध्ये दाखवून दिलं. वयाबरोबर ती किती ओसरते याचा हिशेब डच नेत्रवैद्य डोंडर्स यानं १८६४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात त्या डायॉप्टरमध्ये सांगायचं तर दहाव्या वर्षी साधारण चौदा, पंचेचाळिशीत साडेतीनच्या आसपास, साठीत जेमतेम एक. व्यायाम, गाजरं, पहाटेचं दवावरचं चालणं यांपैकी कशानंही हा उतार थांबत नाही.

हा हिशेब रायफलीवर मांडून पाहिला की गंमत कळते. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफलीची नळी बेचाळीस इंच किंवा त्याहून मोठी असायची. तिची खाच डोळ्यापासून चाळीसेक सेंटीमीटरवर येते आणि माशी सव्वा मीटरवर. खाच स्वच्छ दिसायला अडीच डायॉप्टर लागतात, माशीला एकापेक्षाही कमी. म्हणजे साठीच्या माणसाला खाच चष्म्याविना धरलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते, पण माशी अजून आवाक्यात असते. लांब नळी काही डोळ्यांसाठी केलेली नव्हती; माशी आणि खाच एकमेकींपासून दूर असल्या की नेमातली चूक कमी होते, हा तिचा मोठा फायदा. म्हाताऱ्याची सोय त्यात आपसूक झाली. याउलट सत्तरच्या दशकातल्या त्या लोकप्रिय हॉकनची नळी अठ्ठावीस इंचांची. तिची माशी डोळ्यापासून मीटरभरही दूर नाही, ती पाहायला सव्वा डायॉप्टर हवा. साहजिकच हाताला सुटसुटीत म्हणून जी घेतली, तीच डोळ्याला आधी नकोशी झाली.

बंदूककारांकडे यावर काही इलाज होते, आणि ते बरेच जुने आहेत. पहिला म्हणजे खाच नळीवर पुढे सरकवणं. जुन्या रायफलींवर कधीकधी साईट बसवायची एक रिकामी, बुजवलेली खोबण दिसते. धन्याच्या वयाबरोबर साईट पुढे गेली असावी, असा जाणकारांचा तर्क असतो. चाळीसवरून साठ सेंटीमीटरवर नेलं की धूसरपणा बराच उतरतो. मात्र दोन साईटमधलं अंतर तेवढं घटतं, त्यामुळे हे हात राखूनच करायचं. दुसरा इलाज कानशीचा. खाच रुंद करायची, म्हणजे माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची पट्टी दिसते. म्हातारा डोळा कडा नीट ओळखत नाही, पण दोन पट्ट्या सारख्या आहेत की नाहीत हे त्याला बरोबर कळतं. माझ्या मते सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत शहाणी, आणि हिला पैसेही लागत नाहीत. माशीच्या रंगाबाबत मात्र दोन पंथ आहेत. शिकारी ती चांदीची किंवा पितळेची ठेवतो, रानातल्या काळोखात चमकावी म्हणून. निशाणावर मारणारा तिला कापराच्या धुरावर धरून काजळी चढवतो, चमक अजिबात नको म्हणून.

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. त्यांच्या नळीत आटे नसतात आणि छर्रे मारले की ते पसरतात, त्यामुळे तिथल्या आजोबांना माशी पुसट दिसली तरी फारसं अडत नाही. रायफलीची गोळी एकच असते, तिच्यापुढे असली सवलत चालत नाही.

मग प्रश्न येतो भोकाच्या साईटचा, म्हणजे पीप साईटचा. डोळ्याजवळ बारीक भोक ठेवलं की खाच पाहायची गरजच उरत नाही, डोळा आपोआप मध्यभाग शोधतो. शिवाय बारीक भोकातून पाहिलं की माशी आणि निशाण दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ होतात. विल्यम लायमननं १८७९ मध्ये अशा साईटचं पेटंट घेतलं, पण कल्पना त्याहून जुनी. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांची लांब पल्ल्याची गाजलेली लढत झाली. आयरिश नेमबाज ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आले होते, आणि हजार यार्डांपर्यंतचा तो सामना भोकाच्या साईटवरच खेळला गेला. ९३४ विरुद्ध ९३१ असा अमेरिकेनं तो जिंकला. त्यामुळे ठासणीच्या रायफलीवर भोकाची साईट म्हणजे भ्रष्टाचार, हे ऐकलं की मला हसू येतं. परंपरा १७७० ची पाळायची की १८७४ ची, एवढाच वाद आहे. तरी अठराव्या शतकातल्या घाटाच्या रायफलीवर तसली साईट पाहून जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, तेही मला कळतं.

यातून हौशी लोकांत एक अलिखित तडजोड रुजली: रायफलीला हात लावायचा नाही, तोंडावर काय लावायचं ते लावा. चष्म्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. चकमकीच्या रायफलीला तर तो हवाच, कारण रंजक गालाजवळ भडकते आणि गारगोटीच्या कपच्या उडतात. मग काचेवर काळी पट्टी चिकटवून तिला बारीक भोक पाडणारे निघाले, हवं तेवढं उघडझाप होणारी चकती काचेला लावणारेही निघाले. भर उन्हात हे झकास चालतं. संध्याकाळी रानात भोकातून फक्त अंधार दिसतो.

पेन्सिल्व्हेनियाचा आणखी एक रहिवासी इथे आठवतो. दुहेरी भिंगांच्या चष्म्याचं कौतुक बेंजामिन फ्रँकलिननं १७८४-८५ च्या पत्रांत केलं आहे. जेवणाच्या टेबलावर तो चष्मा उत्तम, नेमबाजाला मात्र शत्रू. दस्त्यावर गाल टेकला की डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि जवळचा नंबर नेमका खाली असतो. आजच्या प्रोग्रेसिव्ह काचांचंही तेच. उपयोगी पडते ती साधी, एकाच नंबरची काच: लांबच्या नंबरात साधारण अधिक अर्धा डायॉप्टर मिळवलेला, आणि भिंगाचा मध्य त्या कोपऱ्याकडे सरकवलेला. माशी जवळजवळ स्वच्छ आणि निशाण किंचित मऊ, असा सौदा त्यातून जमतो. निशाण मऊ दिसलं तरी त्याचा मध्य सापडतो. माशी हरवली की सगळंच हरवतं.

शिकारीच्या कायद्यांनी वेगळी वाट धरली. १९७४ मध्ये पेन्सिल्व्हेनियानं चकमकीच्या रायफलींसाठी खास हंगाम सुरू केला तो उघड्या साईटच्या अटीवर. पुढे चमकत्या फायबरच्या माश्यांना तिथे मुभा मिळाली. १९८५ मध्ये टोनी नाइटची सरळ ठिणगीची नवी ठासणीची रायफल आली. तिच्यावर दुर्बीण सहज बसते आणि डोळ्यांचा प्रश्नच मिटतो. रायफलही मग नावापुरतीच ठासणीची राहते, हे माझं मत.

आता या पिढीसमोर मोतीबिंदूची पाळी आहे. हॅरॉल्ड रिडलीनं १९४९ मध्ये लंडनला डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज ही शस्त्रक्रिया घरोघरी होते, आणि धुकं हटल्यावर काळ्या निशाणाची कड पुन्हा लख्ख दिसते. पण साधं भिंग एकाच अंतरावर बसवलेलं असतं. डॉक्टर सवयीनं ते लांबचं ठरवतात, मग निशाण छान दिसतं आणि माशी जाते. म्हणून काही नेमबाज नेमाच्या डोळ्याचा नंबर किंचित जवळचा ठेवायला सांगतात. इतरांना वरून चष्मा पुरतो. कुठलाही मार्ग घेतला तरी दवाखान्यात रायफल नेता येत नाही. तेव्हा घरी रिकाम्या रायफलीचा दस्ता गालाला लावायचा, डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्यायचं आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून न्यायचा.