गतीचा लगाम

बंगळुरूच्या मेट्रो गाडीत बसलेल्या प्रवाशाने गाडी सुटताना लक्ष देऊन ऐकले, तर डब्याखालून एक बारीक सूर कानी येतो. गाडी वेग घेते तसा तो सूरही बदलत जातो. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग या टप्प्यावर ही मेट्रो सुरू झाली. १ मार्च २०१४ पासून तिची दुसरी मार्गिका पीन्या औद्योगिक वसाहतीपर्यंत धावू लागली. पुलावरून जाणारी गाडी आणि खालच्या कारखान्यांतील अनेक यंत्रे यांच्यात एक जवळचे नाते आहे. दोन्हीकडे त्रिकला म्हणजे थ्री फेज मोटर फिरते आणि तिच्या गतीचा लगाम एकाच युक्तीच्या हाती असतो.

ही मोटर मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्याने १८८९ साली घडवली. तिच्या स्थिर भागातील, म्हणजे स्टेटरमधील, गुंडाळ्यांतून तिन्ही फेजची विद्युतधारा वाहू लागली की आत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. रोटर त्या क्षेत्राच्या मागे धावतो. मात्र त्याला पूर्णपणे कधीच गाठत नाही. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे चार ध्रुवांच्या मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि भार असताना रोटर सुमारे १४४० फेरे घेतो. मोटर दणकट, स्वस्त आणि कमी देखभालीची. पण तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी जखडलेला. नुसते व्होल्टेज कमी केले तर तिची ताकद घटते, वेगावर हवे तसे नियंत्रण मिळत नाही.

म्हणून पूर्वी पंप पूर्ण वेगाने चालवून पाण्याची झडप अर्धी मिटत असत. सायकलचे पायडल जोराने मारत असतानाच ब्रेक दाबून धरावा, तसाच हा प्रकार!

ड्राइव्ह या उपकरणाने ही अडचण दूर केली. त्यात येणारी प्रत्यावर्ती विद्युतधारा प्रथम दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, केली जाते. धारित्रे (कपॅसिटर) तिच्यातील चढउतार कमी करतात. मग ट्रान्झिस्टर सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होऊन तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची त्रिकला विद्युतधारा तयार करतात. वारंवारता २५ हर्ट्झ केली की १५०० फेऱ्यांचे क्षेत्र ७५० फेऱ्यांवर येते. त्याबरोबर व्होल्टेजही ४१५ वरून जवळपास निम्मे करावे लागते. नाहीतर मोटर जास्त विद्युतधारा ओढते आणि तापते. बंगळुरू मेट्रोला तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टची दिष्ट विद्युतधाराच मिळते, त्यामुळे गाडीत पहिल्या टप्प्याची गरज उरत नाही. डब्याखालचा तो सूर बहुतांशी या चालू-बंद होण्यातून उमटतो.

गाडी थांबवतानाही हीच युक्ती उपयोगी पडते. वारंवारता रोटरच्या वेगापेक्षा खाली आणली की मोटर जनित्र बनते आणि गाडीच्या गतीतून निर्माण झालेली वीज रुळाकडे परत जाते. मुंबईच्या जुन्या लोकल गाड्यांत वेगाचे नियमन रोधकांनी होत असे आणि वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. २००७ पासून तेथेही त्रिकला मोटरच्या गाड्या आल्या.

ड्राइव्ह बसवला की विजेचे बिल उतरलेच, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. पंखा किंवा पाणी फिरवत ठेवणारा पंप यांचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर लागणारी शक्ती साधारण निम्म्यावर येते. पाणी उंच चढवायचे असेल तर बचत कमी होते. यंत्र सदैव पूर्ण वेगानेच चालणार असेल तर ड्राइव्हमध्येच थोडी वीज खर्च होते. शिवाय मंद गतीत मोटरच्या दांड्यावरचा पंखाही मंदावतो आणि मोटर पुरेशी थंड राहत नाही.

दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट धारित्रांची आहे. मुख्य स्विच बंद केला, मोटर थांबली, ड्राइव्हचा पडदाही विझला, तरी धारित्रांत प्राणघातक व्होल्टेज काही मिनिटे टिकून असते. किती वेळ थांबायचे ते ड्राइव्हच्या आवरणावर लिहिलेले असते. तेवढा वेळ जाऊ द्यायचा, मग झाकण उघडायचे आणि मीटरने तपासून खात्री झाल्यावरच आत हात घालायचा.