एक वरंबा, दोन संकटांवर उपाय

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे हल्ली एकाच हंगामात दोन संकटे उभी राहतात. पेरणीनंतर पावसाचा मोठा खंड पडतो आणि पुढे एका दिवसात अतिवृष्टी कोसळते. दोन्हींवर उपयोगी पडणारी पद्धत म्हणजे बीबीएफ, अर्थात रुंद वरंबा सरी.

काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि निचरा मंदावतो. सपाट पेरणीत सोयाबीनची मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात. बीबीएफ यंत्र एकाच फेरीत रुंद वरंब्यावर पेरणी करते आणि दोन्ही कडांना सऱ्या पाडते. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. पाऊस बेताचा असला तर तेच पाणी सरीत मुरते आणि खंडाच्या काळात वरंब्यातली ओल पीक तगवते.

शेगाव, संग्रामपूर भागातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात याचे मोल आणखी मोठे. तिथले भूजलच खारे, म्हणून पावसाचे गोडे पाणी शेतात आणि शेततळ्यात अडवणे हाच मुख्य आधार.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, बुलढाण्याचा समावेश झाला. अल्पभूधारकांवर भर, भूमिहीनांना शेळीपालनासाठी मदत आणि गटांसाठी अवजारे बँक ही त्याची जमेची बाजू. दोन एकरवाल्याला यंत्र विकत घेणे परवडत नाही. पेरणीच्या वाफशाचे दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत यंत्र वाजवी भाड्याने त्याच्या बांधावर पोचले, तरच हा विकास सर्वांचा म्हणता येईल.